ऑर्किडचं नाव बदललं, आता लेबलवर काय लिहायचं? कोकणातल्या ऑर्किड लावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीतून ‘अ‍ॅस्कोसेंडा’ म्हणून आणलेल्या रोपाला आता ‘वांडा’ म्हणतात. निगा बदलायची का?

नाही. रोप तेच आहे, खतपाणीही तेच. २०१२ साली अ‍ॅस्कोसेंट्रम ही प्रजाती (इथे प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज) वांडात विलीन केली गेली. अ‍ॅस्कोसेंडा हा या दोघांचा संकर, त्यामुळे तोही आपसूक वांडाच ठरला.

खरं नुकसान उलट्या चुकीने होतं. नाव एक झालं म्हणून निगाही एकच धरली जाते. आजच्या वांडात आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर उगवणारी वांडा टेसेलाटा आहे, खासी टेकड्यांच्या थंड हवेतली निळी वांडा सेरुलिया आहे, आणि पूर्वी निओफिनेशिया म्हणून विकली जाणारी जपानची वीतभर वांडा फाल्काटाही आहे. किनाऱ्यावरच्या दमट, गरम रात्री टेसेलाटाला मानवतात. सेरुलिया तिथे जगली तरी फुलायला नाखूश असते. प्रजातीच्या नावावरून नातं कळतं, हवामान कळत नाही. निगा ठरवायची ती जाती पाहून, आणि ती मुळात किती उंचीवरची आहे ते पाहून.

नावं मुळात बदलतात तरी का? एकदा ठेवलं ते राहू का देत नाहीत?

कारणं निरनिराळी आहेत आणि ती वेगळी ओळखता आली की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिलं कारण ज्येष्ठतेचं. वनस्पतींच्या नावांची गणती स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसच्या १७५३ सालच्या कामापासून धरतात. एकाच जातीला दोन नावं मिळाली असतील तर सहसा आधी प्रसिद्ध झालेलं विशेषण, म्हणजे नावातला दुसरा शब्द, टिकतं. आपली वांडा टेसेलाटा बरीच वर्षं वांडा रॉक्सबर्घाय या नावाने ओळखली जायची आणि आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकांत अजूनही तेच नाव दिसतं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी स्वतःच १७९५ साली तिला एपिडेंड्रम टेसेलाटम म्हटलं होतं. म्हणून ‘टेसेलाटा’ जुनं ठरलं आणि रॉक्सबर्ग यांच्या सन्मानार्थ नंतर दिलेलं नाव मागे पडलं.

दुसरं कारण मूळ नमुन्याचं. प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना पुन्हा तपासला आणि तो भलत्याच जातीचा निघाला, तर बागेतलं रोप बिननावाचं होतं. गुलाबी, सुगंधी फुलांचं ऑन्सिडियम ऑर्निथोऱ्हिंकम जगभर बागांत होतं. २०१० मध्ये लक्षात आलं की ते नाव ज्या झाडाला दिलं होतं ते पिवळ्या फुलांचं, वेगळंच आहे. म्हणून गुलाबी फुलांची जाती आता ऑन्सिडियम सोटोआनम आहे. इथे नुसती नावाची अदलाबदल करून भागत नाही, कारण जुनं नाव रद्द झालेलं नाही. ते दुसऱ्या झाडाकडे गेलं आहे.

तिसरं कारण नात्याचं, आणि गेल्या पंचवीस वर्षांतले बहुतेक मोठे बदल यातलेच. पूर्वी फुलाची ठेवण आणि परागपुंजांची संख्या पाहून प्रजाती ठरवत. डीएनए तपासल्यावर दिसलं, की सारखी फुलं कधीकधी सारख्या कीटकांमुळे झालेली असतात, रक्ताच्या नात्यामुळे नव्हे. ब्राझीलची लेलिया पर्प्युराटा २००० साली सोफ्रोनायटिसमध्ये गेली आणि २००८ साली कॅटलियात आली. आठ वर्षांत तीन नावं झाली, हे लेबल लिहिणाऱ्याला त्रासाचं होतं हे खरंच. मेक्सिकोच्या लेलिया अ‍ॅन्सेप्ससारख्या जाती मात्र लेलियातच राहिल्या. तेव्हा ‘लेलिया म्हणजे आता कॅटलिया’ असा सरसकट नियम लावू नका.

चौथं कारण, नाव आधीच वापरलेलं असणं. ओडोंटोग्लॉसम क्रिस्पम ऑन्सिडियममध्ये आणलं तेव्हा ‘ऑन्सिडियम क्रिस्पम’ हे नाव दुसऱ्या एका झाडाला केव्हाच दिलेलं होतं. म्हणून ते ऑन्सिडियम अलेक्झांड्री झालं. ते दुसरं झाड पुढे गोमेझा इम्पेरेटोरिस-मॅक्सिमिलियानी झालं, तरीही ‘ऑन्सिडियम क्रिस्पम’ हे नाव मोकळं होत नाही. एकदा रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव दुसऱ्या जातीला देता येत नाही.

शेवटचं कारण व्याकरणाचं. एरिडीस ही प्रजाती आधी नपुंसकलिंगी धरत, आता स्त्रीलिंगी धरतात. म्हणून सह्याद्रीतली एरिडीस क्रिस्पम आता एरिडीस क्रिस्पा, आणि मॅक्युलोसम आता मॅक्युलोसा. असा फरक दिसला तर दोन जाती समजून दोनदा खरेदी करू नका.

हे कोण ठरवतं? कोणती यादी प्रमाण मानायची?

नाव कसं ठेवायचं याचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. साधारण सहा वर्षांनी भरणाऱ्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत ते सुधारले जातात. अलीकडच्या परिषदा २०१७ मध्ये शेन्झेनला आणि २०२४ मध्ये माद्रिदला झाल्या. पण कुठली जाती कुठल्या प्रजातीत बसवायची हे संहिता सांगत नाही. तो अभ्यासकांचा निर्णय असतो आणि दोन जाणकारांचे त्यात मतभेद असू शकतात. दोघांची नावं नियमाने बरोबर असतील. म्हणून स्वतःपुरती एकच यादी धरा आणि ती सारखी बदलू नका.

रानजातींसाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही यादी सोयीची आहे. संकरांसाठी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची नोंदवही हाच एक अधिकृत आधार आहे. १९६१ पासून ऑर्किड संकरांची जागतिक नोंद तिथेच होते. या दोन याद्यांत कधीकधी फरक पडतो, कारण एक प्रजाती बदलली की हजारो संकरांची नावं बदलावी लागतात आणि नोंदवही ते काम घाईने करत नाही. जातीच्या लेबलसाठी पहिली आणि संकराच्या लेबलसाठी दुसरी, एवढं पाळलं तर अडत नाही.

शोधताना जुनंच नाव टाका. यादी ‘हे अमक्याचं समानार्थी नाव’ असं दाखवून मान्य नावाकडे नेते. नावापुढचं लेखकाचं संक्षिप्त नाव मात्र जुळवून पाहा. एकच नाव दोन लेखकांनी दोन वेगळ्या झाडांना दिल्याची उदाहरणं ऑर्किडमध्ये पुष्कळ आहेत.

आमच्या रोपांचं नाव बदललंय की आधीचंच चुकलंय, हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यांत कामाचा प्रश्न आहे. यादीत जुन्या नावावरून नव्याकडे वाट जात असेल, तर नाव बदललं आहे. तशी वाट नसेल आणि तरी फूल वर्णनाशी जुळत नसेल, तर ओळखच चुकली आहे, आणि मग कितीही याद्या पाहून उपयोग नाही.

कोकणात चुका ठरावीक जोड्यांत होतात. वांडा टेसेलाटा आणि वांडा टेस्टेसिया फुलं नसताना सारख्या वाटू शकतात. फुलल्यावर शंकाच उरत नाही: टेसेलाटाचं फूल चार-पाच सेंटिमीटरचं, पाकळ्यांवर तपकिरी चौकडीची नक्षी, टेस्टेसियाचं जेमतेम दीड सेंटिमीटरचं, पिवळं, ओठ (फुलाची वेगळ्या ठेवणीची एक पाकळी) निळसर. टेस्टेसियाचं जुनं नाव वांडा पार्व्हिफ्लोरा. दुसरी जोडी डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम यांची. दोन्ही पानं झडल्यावर फुलतात. बार्बाट्युलमची फुलं मोठी आणि शुभ्र, ओव्हॅटमची लहान, पिवळट पांढरी, ओठाच्या बुडाशी हिरवट झाक. फूल येईपर्यंत लेबलवर प्रश्नचिन्ह ठेवायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या जातींची जुनी आणि आजची नावं एकत्र मिळतील का?

जी वारंवार विचारली जातात तेवढी देतो. आधी आजचं नाव, मग जुनं.

– रिंकोस्टायलिस रेट्युसा, म्हणजे सीतेची वेणी: सॅकोलेबियम गुट्टाटम. ‘रेट्युसा’ हे विशेषण १७५३ च्या एपिडेंड्रम रेट्युसमपासून चालत आलेलं आहे.
– अकॅम्पे प्रीमोर्सा: अकॅम्पे वाइटियाना.
– बल्बोफायलम फिम्ब्रिएटम: सिर्होपेटॅलम फिम्ब्रिएटम. छत्रीसारख्या फुलोऱ्याची ही जाती अनेक संग्रहांत अजून जुन्याच नावाने आहे.
– सेलोजिनी इम्ब्रिकाटा: फोलिडोटा इम्ब्रिकाटा. फोलिडोटा ही अख्खी प्रजाती २०२१ मध्ये सेलोजिनीत घेतली गेली. बदल ताजा असल्याने लोकांच्या तोंडी अजून फोलिडोटाच आहे.
– फॅलेनोप्सिस डेलिसिओसा: किंगिडियम डेलिसिओसम. सह्याद्रीतली रानटी फॅलेनोप्सिस ती हीच.
– फॅलेनोप्सिस पल्चेरिमा: डोरायटिस पल्चेरिमा. तिच्या संकरांचं डोरिटेनोप्सिस हे नावही त्यामुळे गेलं.
– पॅपिलिओनँथी टेरेस: वांडा टेरेस. पेन्सिलीसारख्या गोल पानांची, खांबाला बांधून उन्हात वाढवायची ती. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘मिस जोकिम’ तिचाच संकर, त्यामुळे त्याचंही पहिलं नाव वांडावरून पॅपिलिओनँथी झालं.
– ग्वारिअँथी बोरिंगियाना आणि ग्वारिअँथी स्किनेरी: दोन्ही पूर्वी कॅटलिया. बदल २००३ चा.
– व्हॅनिला प्लॅनिफोलिया: व्हॅनिला फ्रॅग्रन्स. पोफळीच्या बागेत वेल चढवणाऱ्यांना जुन्या माहितीपत्रकांत दुसरं नाव दिसेल. पीक एकच आहे.

मोकारा, सोनिया, गोवर रॅमसे: या फुलांच्या धंद्यातल्या नावांचं काय?

संकराच्या नावात तीन भाग असतात: प्रजाती, मग ग्रेक्स म्हणजे त्या आईबापांच्या सगळ्या संततीचं नाव, आणि मग एकेरी अवतरणात निवडक वाणाचं नाव. वर्गीकरण बदललं की पहिला भाग बदलतो. ग्रेक्स आणि वाण सहसा जागेवर राहतात. म्हणून ऑर्डर देताना या दोन भागांवर भर द्या.

मोकारा म्हणजे अरॅक्निस, अ‍ॅस्कोसेंट्रम आणि वांडा यांचा तिहेरी संकर. अ‍ॅस्कोसेंट्रम वांडात गेल्यावर दोनच प्रजाती उरल्या, आणि अरॅक्निस व वांडा यांच्या संकराचं नाव आधीपासून अरांडा आहे. त्यामुळे नोंदवहीत मोकारा आता अरांडा. याच हिशेबाने कागावारा झाला रेनँटांडा. बाजारात मात्र फुलांच्या काड्या मोकारा म्हणूनच विकल्या जातात, आणि बिलावर ते लिहिलं तर चूक म्हणू नये. डेंड्रोबियम सोनिया हा सीझर आणि टॉमी ड्रेक यांचा संकर. त्याचं नाव हललेलं नाही. पिवळ्या फुलांचं गोवर रॅमसे ऑन्सिडियमचं ऑन्सिडेसा झालं, कारण त्याच्या पूर्वजांपैकी काही जाती गोमेझात गेल्या.

कॅटलियाच्या संकरांत घोटाळा सर्वांत जास्त. बीएलसी (ब्रासोलेलिओकॅटलिया) आणि पोटिनारा असं लिहिलेली बहुतेक रोपं आज आरएलसी, म्हणजे रिंकोलेलिओकॅटलिया आहेत: ब्राझीलच्या लेलिया आणि सोफ्रोनायटिस कॅटलियात आल्या, आणि ज्याला ब्रासाव्होला डिगबियाना म्हणत ती रिंकोलेलिया ठरली. पण ब्रासाव्होला नोडोसा ब्रासाव्होलाच आहे आणि कॅटलियाशी तिचा संकर ब्रासोकॅटलियाच राहतो. हे संकर किनाऱ्यावरची उष्णता छान सोसतात, म्हणून आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्या लेबलवर ‘बी’ खोडून सरसकट ‘आर’ लिहिलं तर बरोबर नाव चुकीचं होतं. प्रत्येक ग्रेक्स नोंदवहीत पाहूनच बदल करा.

‘डेंड्रोबियम फॅलेनोप्सिस’ म्हणजे डेंड्रोबियम की फॅलेनोप्सिस?

डेंड्रोबियम. फुलं फॅलेनोप्सिससारखी दिसतात म्हणून ते विशेषण दिलं गेलं. अनेक याद्या तिला ऑस्ट्रेलियाच्या डेंड्रोबियम बिगिबमचाच भाग मानतात. विक्रेते दोन्हींना ‘फॅल’ म्हणतात आणि फसगत तिथे होते. डेंड्रोबियमला ५० टक्के शेडनेटखालचा भरपूर उजेड लागतो. फॅलेनोप्सिस त्या उजेडात करपते, तिला ७५ टक्क्यांच्या आसपास सावली हवी. रोपाकडे पाहा: उसासारखे पेरांचे दांडे असतील तर डेंड्रोबियम, दांडा नसून बुंध्याशी रुंद, मऊ पानं असतील तर फॅलेनोप्सिस.

लेबलवर नेमकं काय आणि कसं लिहायचं?

जुनं नाव खोडून नवं लिहू नका. सातबाऱ्यावर फेरफार झाला तरी आधीच्या नोंदीचा माग राहतो, तसाच इथेही ठेवायचा. क्रम असा: तुमच्या वहीतला रोपाचा क्रमांक, आजचं मान्य नाव, बरोबरचं चिन्ह आणि ज्या नावाने रोप घेतलं ते नाव, मग कुठून आणि कोणत्या वर्षी आणलं. नमुना: ‘४२, सेलोजिनी इम्ब्रिकाटा = फोलिडोटा इम्ब्रिकाटा, कुडाळ, २०१९’. पुढे यादीने पुन्हा नाव बदललं तर वहीत ओळ वाढवा. लेबल तसंच राहिलं तरी चालतं, कारण क्रमांक बदलत नाही.

शास्त्रीय नाव लेबलवर रोमन लिपीत, अक्षर न अक्षर तपासून लिहा. देवनागरीत एकाच नावाची चार रूपं होतात आणि शोधताना एकही सापडत नाही. रोमनमध्येही वांडा टेसेलाटातला दुहेरी ‘एस’ आणि दुहेरी ‘एल’ गाळला जातो. सेरुलिया आणि सेरुलेसेन्स या दोन निराळ्या जाती आहेत हेही लक्षात असू द्या.

कोकणात लेबल टिकवणं हे स्वतंत्र काम आहे. ‘कायमची’ शाई उन्हात फिकी होते आणि उरलेली पावसाळ्यात जाते. खरखरीत पृष्ठभागाच्या प्लास्टिक पट्टीवर २बी पेन्सिलने लिहा. ग्राफाइट उन्हाने उडत नाही. किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून कोरा. बांधायला लोखंडी तार नको, खाऱ्या वाऱ्याने ती गंजून तुटते. तंगूस वापरा, आणि तो खोडाला न बांधता टोपलीच्या कडेला किंवा लटकवायच्या आकड्याला बांधा. दुसरी लहान पट्टी, फक्त क्रमांकाची, कुंडीत नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांखाली पुरून ठेवा.

लेबलांची अदलाबदल बहुतेक वेळा आगोटीआधी कुंड्या बदलताना होते. दहा रोपं एकदम उपसून ठेवू नका. एक रोप काढा, लेबल त्याच्याच मुळांशी ठेवा, नव्या कुंडीत बसवा, मग दुसरं घ्या. फुटवे वेगळे केले तर प्रत्येकाला पट्टी आधी लिहा आणि मग सुरी लावा.

मराठी नावं वापरली तर हा त्रास वाचेल?

घरात, गावात जरूर वापरा. सीतेची वेणी म्हटलं की कोणालाही कळतं. औषधासाठी मात्र नाही. वांडा टेसेलाटाची मुळं काही भागांत रास्ना म्हणून विकली जातात. त्याच नावाने दुसरीकडे प्लुकिया लॅन्सिओलाटा आणि दक्षिणेत अल्पिनिया गलांगा विकलं जातं. ही तीन वेगवेगळ्या कुळांतली झाडं आहेत.

आणखी एक विनंती. आंब्यावरची ऑर्किड बांडगूळ समजून खरवडली जातात. बांडगुळाची मुळं फांदीत शिरून रस घेतात. ऑर्किडची मुळं सालीवर चिकटलेली असतात, झाडातून काही शोषत नाहीत. मुळं फांदीच्या आत गेलेली दिसत नसतील तर ती राहू द्या.

बाहेरून रोपं मागवताना नावामुळे अडचण येते का?

येते. सगळी ऑर्किड साइट्स (धोक्यातल्या रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या किमान दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि पॅफिओपेडिलमच्या सगळ्या जाती पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात. परवाना, बिल आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांवर एकच नाव हवं. साइट्सच्या स्वतःच्या प्रमाण याद्या आहेत आणि त्या क्यूच्या मागे असू शकतात. म्हणून विक्रेत्याला मान्य नाव आणि जुनं नाव दोन्ही लिहायला सांगा. तिन्ही कागद निघण्यापूर्वी त्यांच्या प्रती मागवून जुळवा. माल बंदरात आल्यावर दुरुस्ती होईपर्यंत रोपं खोक्यात सडतात.

जंगलातून रोप काढणाऱ्याला नावबदलाची सबब मिळत नाही. जुन्या नावाने संरक्षित असलेली जाती नव्या नावानेही संरक्षितच असते.

लेबलच हरवलंय. फोटोवरून नाव मिळेल का?

रानजातीचं बऱ्याचदा मिळतं, पण एका फोटोवर नाही. फूल समोरून, बाजूने आणि मागून, ओठ जवळून, ओठामागची नळी असल्यास ती, अख्खा फुलोरा, पानाचं टोक आणि दांडा किंवा कंद, एवढं हवं. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवा. मापाशिवाय वर सांगितलेल्या दोन वांडासुद्धा एकमेकांसारख्या भासतील. एक-दोन फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवा. दाबून वाळवलेल्या फुलाचा ओठ चपटा होतो आणि नेमका तोच पाहायचा असतो. ही सामग्री घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारता येतं.

संकराचं नाव मात्र दिसण्यावरून ठरत नाही. एकाच रंगाची फुलं देणारे अनेक ग्रेक्स नोंदवलेले आहेत, आणि एकाच फळातल्या बियांपासूनची भावंडंही वेगवेगळी दिसतात. अशा रोपाला ‘वांडा संकर, नाव अज्ञात’ असं लिहा, मिळाल्याचं ठिकाण आणि वर्ष जोडा. त्याच्यापासून पुढे संकर केलात तर तो नोंदवता येणार नाही, कारण नोंदणीला दोन्ही पालकांची नावं द्यावी लागतात. बागेत लावायला, फुलं काढायला, शेजाऱ्याला फुटवा द्यायला ते रोप तितकंच चांगलं आहे.